सीमाभागातल्या मराठी हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलाय? मग साहित्य असं जमवा

बेळगाव, खानापूर, निपाणी, नाहीतर चिकोडीकडं कुठंतरी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजीवर नेमणूक झाली की पहिल्या आठवड्यातच चार-पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात कुणीतरी ॲड करतं आणि मग पीडीएफचा पाऊस सुरू होतो. नोट्स, पासिंग पॅकेज, चार्ट, व्हिडिओ, वर्कशीट, मोबाईल फुल. आणि सोमवारी वर्गात उभं राहिल्यावर त्यातलं काहीच हाताशी येत नाही. म्हणून नवीन येणाऱ्या सर-मॅडमना मी एकच सांगते, गोळा कमी करा आणि जे आहे ते पिळून वापरा. एक पान चार तऱ्हेनं वापरता आलं पाहिजे. आता क्रमानं सांगते, पण क्रम अगदी काटेकोर धरू नका, शाळा बघून मागं-पुढं करा.

आधी कुठलं पुस्तक ते ठरवा

हे हास्यास्पद वाटेल पण पहिला घोळ इथंच होतो. कर्नाटकात इंग्रजीची सेकंड लँग्वेज आणि थर्ड लँग्वेज अशी वेगवेगळी पुस्तकं आहेत, पेपरही वेगळे. तुमच्या शाळेत इंग्रजी कितव्या नंबरवर आहे ते हेडमास्तरांना पहिल्याच दिवशी विचारा, ग्रुपवर आलेल्या नोट्स कुणाच्या आहेत तेही बघा, कारण फर्स्ट लँग्वेजच्या इंग्लिश मीडियमच्या नोट्स आपल्या पोरांना देऊन काही उपयोग नाही. पुस्तकांच्या पीडीएफ कर्नाटक टेक्स्टबुक सोसायटीच्या साईटवर फुकट मिळतात. दहावीचं घेताना आठवी-नववीचंही उतरवून ठेवा, लागतंय ते.

मग परीक्षा मंडळाच्या साईटवरून जुने पेपर, मॉडेल पेपर आणि ब्ल्यूप्रिंट, म्हणजे कशाला किती मार्क त्याचा आराखडा, काढा. सेकंड किंवा थर्ड लँग्वेजला लेखी ८० आणि इंटर्नल २० असतात, आणि पेपर हातात आल्यावर लिहायच्या आधी १५ मिनिटं नुसती वाचायला मिळतात. एक पेपर स्वतः घड्याळ लावून सोडवा. खरंच सोडवा, नुसता चाळू नका. मग कळतं की पत्र, चित्र बघून परिच्छेद, मुद्द्यांवरून प्रोफाइल (एखाद्या माणसाची थोडक्यात ओळख), पाठ कविता लिहिणं, न पाहिलेला उतारा हे सगळं कुठं बसतंय आणि तुम्ही जून-जुलैत कशावर वेळ घालवायचा.

परिपत्रकं कन्नडात येतात. कन्नड वाचता येत नसेल तर लाजू नका, कन्नडचे सर असतातच, त्यांच्याशी पहिल्यापासून गोडीत राहा, पुढं कवितेलाही ते उपयोगी पडणार आहेत, ते खाली येतंय.

वर्ग कुठं आहे ते बघा

पोरांच्या घरी मराठी, बसमध्ये आणि बाजारात कन्नड, काहींच्या घरी उर्दू नाहीतर कोकणी. भाषा बदलायची सवय त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे, भिडेचा प्रश्न फक्त इंग्रजीचा. पण वाचनाची स्थिती एकाच बाकावर तीन तऱ्हेची सापडते. म्हणून पहिल्या आठवड्यात व्याकरणाची टेस्ट घेऊ नका. दोन साधी कामं द्या: सहावीच्या पुस्तकातल्या चार ओळी तुमच्या टेबलाशी येऊन वाचायच्या, एकेकानं, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा. आणि घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर पाच वाक्यं लिहायची, जमतील तशी. बस, यावरून तीन गट पडतात. अक्षरं जुळवता न येणारे, फडाफडा वाचणारे पण अर्थ न कळणारे (हे सगळ्यात फसवे, वर्गात हुशार दिसतात), आणि बरे चाललेले.

पहिल्या गटासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा. लेव्हल एक-दोनच्या छोट्या गोष्टी, चित्रांसकट, फुकट, झेरॉक्स काढायलाही मोकळीक आहे. पुष्कळदा तीच गोष्ट मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत असते. पोराला आधी मराठीतली वाचू द्या, मग इंग्रजीतली. गोष्ट माहिती असली की अर्ध्या शब्दांची भीती जाते. गोष्टी लहान मुलांच्या असतात त्यामुळं नववीतला मुलगा लाजतो, त्याला सांगा की धाकट्या बहिणीला वाचून दाखवायचीय, म्हणजे मान राहतो त्याचा.

पोरं इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलनं मराठीत उच्चार लिहून ठेवतात, त्यावर शिक्षकांत कायम वाद. माझं मत विचाराल तर पहिल्या सहामाहीत चालू द्या, अगदी अडलेल्या शब्दावरच, पूर्ण ओळीवर नाही. पूर्ण ओळीवर लिहिलं की पोरगं इंग्रजी बघतच नाही, वरचं मराठीच वाचतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर बंद.

गल्लीतलं इंग्रजी आणा

एक खोकं घ्या, चपलांचं चालेल. त्यात पोरांनाच आणायला सांगा: बिस्किटाचं रॅपर, औषधाची रिकामी स्ट्रिप, खताच्या पिशवीवरचा छापील भाग, लग्नपत्रिका, मोबाईल रिचार्जच्या मेसेजची कागदावर उतरवलेली नक्कल, बँकेची पैसे भरायची स्लिप, रेल्वेचा रिझर्वेशन फॉर्म. बेळगाव, खानापूर, लोंढा, कुठल्याही स्टेशनवरचा बोर्ड कन्नड, हिंदी, इंग्रजी तिन्हीत असतो, त्याचा फोटो पण चालतो. बँक आणि रेल्वेचे फॉर्म तर सोनं आहे, कारण त्यात नाव, पत्ता, तारीख, अंक अक्षरी लिहिणं, सही सगळं येतं आणि घरातल्या मोठ्यांना ते भरता येत नसेल तर पोरगं उद्यापासून भरून देतं.

एका स्ट्रिपवर अख्खा तास निघतो. एक्स्पायरी कुठली, किती गोळ्या, कुठं ठेवायचं, 'स्टोअर इन अ कूल अँड ड्राय प्लेस' हे कुणाला सांगितलंय आणि वाक्यात करणारा का दिसत नाही, म्हणजे आज्ञार्थ आला की. मग गट करून घरातल्या एखाद्या वस्तूसाठी अशाच चार सूचना लिहायच्या. इस्त्री, कुकर, मोटरपंप, काहीही.

शहरातल्या शाळेत असाल तर गणपत गल्ली-खडे बाजारातल्या पाट्या उतरवून आणायचं होमवर्क भारी चालतं, स्पेलिंग चुकलेल्या पाट्या सापडल्या की पोरं हरखून जातात. फक्त दुकानाचं नाव वर्गात घेऊन हसू नका, एखाद्याच्या मामाचं दुकान निघतं.

उतारे स्वतः लिहा, आपल्या भागावर

बाजारातल्या वर्कशीटमध्ये लंडनचा पूल, बर्फ, नाहीतर दिल्लीची मेट्रो. वाईट काही नाही, पण न पाहिलेला उतारा सोडवायला शिकवताना विषयही अनोळखी आणि भाषाही अनोळखी, असं दोन्ही एकदम नको. आधी ओळखीचा विषय, अनोळखी इंग्रजी. नंतर उलटं.

पद्धत साधी. साधारण १२० शब्द, वाक्य बारा शब्दांच्या आत, नवीन शब्द सहा-सातच. खाली पाच प्रश्न: दोन थेट उत्तराचे, दोन विचार करायला लावणारे, एक शब्दाच्या अर्थाचा. विषय आपल्याकडं पुष्कळ आहेत. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य, तिथल्या बारापेडे गुहांतली रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट ही जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी वटवाघळं, आणि कितीतरी पोरांनी गुहेचं नावही ऐकलेलं नसतं, त्यामुळं वाचताना वर्ग शांत होतो. गोकाकचा धबधबा घ्या, घटप्रभेचं पाणी १७० फुटांवरून पडतं, आकडे आले की तुलना करणारी वाक्यं आपोआप येतात. डिसेंबर १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष होते असं ते एकमेव. टिळकवाडीत काँग्रेस रोडवरनं रोज जाणाऱ्या पोराला विचारा, रोडचं नाव असं का, बघा उत्तर येतंय का. यावर भूतकाळाची दहा वाक्यं निघतात.

प्रोफाइल रायटिंगला मी संगोळ्ळी रायण्णा देते. मुद्दे असे: जन्म १७९८, गाव संगोळ्ळी, कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्यात, कंपनी सरकारविरुद्ध गनिमी लढाई, फाशी नंदगड, २६ जानेवारी १८३१. पोरांनी आधी नुसती वाक्यं करायची, 'ही वॉज बॉर्न इन', 'ही फॉट अगेन्स्ट', 'ही वॉज हँग्ड ॲट'. मग 'ही' दर वाक्याला येतंय ते खोडून दोन वाक्यं जोडायची. मग शेवटी एक वाक्य स्वतःचं. तीन फेऱ्यांत प्रोफाइल तयार होतं आणि परीक्षेला दुसऱ्या कुणाचेही मुद्दे आले तरी हात थांबत नाही. नंदगडची पोरं वर्गात असली तर त्यांनाच उभं करून सांगायला लावा, मराठीत सांगू दे आधी.

डॉ. आंबेडकरांवरचा पाठ शिकवताना निपाणीचा धागा जोडा, १९२५ मध्ये ते निपाणीच्या परिषदेला आले होते. चार ओळींची नोंद इंग्रजीत करून भिंतीवर लावली की पाठ पुस्तकातून गावात येतो.

गोष्ट आणि कविता: इथं घाई करू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. सर एक ओळ वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, पुढची ओळ, अर्थ, पुढची ओळ, अर्थ, आणि शेवटी प्रश्नोत्तरं फळ्यावर. पोरं उतरवून घेतात. पाठ संपला म्हणायचं, पण इंग्रजी कुणी वाचलंच नाही.

दहावीच्या सेकंड लँग्वेजला शेक्सपिअरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसमधला दयेवरचा तुकडा आहे. नवे शिक्षक त्याला घाबरतात. असं करून बघा. पहिला तास पुस्तक उघडायचंच नाही. गोष्ट मराठीत सांगा, रंगवून: मित्रासाठी अँटोनिओनं सावकार शायलॉककडनं तीन हजार डुकॅट घेतलेत, वेळेत परत नाही दिले तर अंगावरचं एक पौंड मांस द्यायचं असा बाँड लिहून दिलाय, मुदत टळली, आता कोर्टात केस उभी आहे आणि पोर्शिया पुरुष वकिलाचा वेश घेऊन आलीय. सावकारी, बाँड, कोर्टाची तारीख, हे आपल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही, घरात ऐकलेलं असतं. तिथंच थांबा आणि विचारा, तुम्ही वकील असता तर शायलॉकला काय सांगितलं असतं? गटात बोलू द्या, मराठी-कन्नड काहीही.

दुसऱ्या तासाला तुम्ही तुकडा मोठ्यानं वाचा, दोनदा, अर्थ न सांगता. पोरांनी फक्त ओळखीच्या शब्दांखाली रेघ मारायची. मग विचारा, पोर्शिया दयेची तुलना कशाकशाशी करतेय? पाऊस सापडतो, राजा सापडतो, मुकुट सापडतो. मुलांनी काल दिलेली कारणं आणि पोर्शियाची कारणं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. तिसऱ्या तासाला आता अवघड ओळी, आता अर्थ, आता डिक्शनरी. चौथ्याला पाठांतर आणि लेखी. चार तास जातात, हो, पण पुढच्या तीन कविता दोन-दोन तासांत होतात.

अलंकारांसाठी मराठीच्या बाईंकडं जा. उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती पोरं मराठीत शिकलेलीच असतात, आपण पुन्हा पहिल्यापासून सिमिली-मेटाफर-पर्सनिफिकेशन अशा नव्या व्याख्या पाठ करून घेतो, काय गरज? मराठी पुस्तकातलंच उदाहरण घ्या, त्याच्याखाली इंग्रजी कवितेतली ओळ लिहा, झालं. पाठांतराचंही तसंच, अभंग म्हणणाऱ्या पोराला आठ ओळी जड नाहीत, ताल सापडला पाहिजे फक्त. टाळ्या वाजवत म्हणून घ्या, नववीपर्यंत चालतं, दहावीवाले लाजतात, त्यांना बाकावर बोटांनी ठेका.

कवी वि. कृ. गोकाकांची भारतावरची कविता पण त्याच पुस्तकात. कवी आणि भारतमाता यांचं बोलणं आहे ते, म्हणून वर्गाचे दोन भाग करून आलटून पालटून वाचायला द्या. आणि इथं कन्नडच्या सरांना बोलवा. गोकाक म्हणजे 'विनायक' नावानं कन्नडात लिहिणारे, ज्ञानपीठ मिळालेले, इंग्रजीचे प्राध्यापक. दोन भाषांत लिहिणारा माणूस आपल्याच भागात असू शकतो हे पोरांना कळणं मला त्या कवितेच्या प्रश्नोत्तरांपेक्षा मोठं वाटतं. जी. ए. कुलकर्णी सुद्धा धारवाडला इंग्रजीच शिकवायचे, हे मराठीच्या बाई सांगतील.

गद्य पाठाला एक युक्ती: महत्त्वाच्या प्रसंगाला पुस्तक बंद करायला लावायचं आणि पुढं काय होणार ते एका वाक्यात इंग्रजीत लिहून घ्यायचं. चुकीचं इंग्रजी चालेल. मग उघडून बघायचं कुणाचं बरोबर आलं. पोरं न सांगता पुढं वाचतात.

व्याकरण: आपल्या पोरांच्या ठरलेल्या चुका

मोठमोठी ग्रामरची पुस्तकं नंतर. आधी एक वही करा आणि पोरांच्या चुका त्यात लिहीत जा, महिन्यात कळतं की चुका ठरलेल्या असतात. आर्टिकल गळतं, कारण मराठीत नाही. 'माझ्याकडं पेन आहे' याचं 'निअर मी पेन इज' होतं. व्हेस्ट आणि वेस्ट सारखेच ऐकू येतात.

पण सगळ्यात चिवट म्हणजे रिपोर्टेड स्पीच. आपण बोलताना 'राजू म्हणाला की मी उद्या येतो' म्हणतो, 'मी' म्हणजे राजूच, कुणाचा गोंधळ होत नाही. बेळगावकडं 'येतो म्हणून सांगितला', कन्नडातही 'बर्तीनि अंत हेळ्दा', बोलणाऱ्याचे शब्द तसेच्या तसे ठेवायचे. म्हणजे पोराच्या दोन्ही भाषा एकच सांगतायत आणि इंग्रजी वेगळंच मागतंय. साहजिकच 'राजू सेड दॅट आय विल कम' लिहितो, आणि आपण नियम पाठ करून घेतो: विलचं वुड, टुमारोचं द नेक्स्ट डे. नियम पाठ होतो, चूक जात नाही.

त्यापेक्षा कार्डशीटचे तुकडे करा. प्रत्येक कार्डावर तीन ओळी: कोण बोललं, कुणाला, कधी. एक पोरगं राजू होऊन म्हणतं, 'आय विल कम टुमारो'. दुसरं कार्ड घेऊन तिसऱ्याला निरोप सांगतं, पण अट अशी की निरोप दोन दिवसांनी पोचतोय. मग त्याला स्वतःलाच अडतं, आता 'आय' म्हणजे कोण आणि 'टुमारो' तर होऊन गेला. 'राजू सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे' तिथं गरजेनं येतं. एका तासात सगळ्यांना येत नाही, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं कार्डं फिरवत राहा.

ऑनलाइन, थोडक्यात

दीक्षा ॲप, पुस्तकातल्या क्यूआरवरून उघडतं. ब्रिटिश कौन्सिलची टीचिंगइंग्लिश साईट आणि बीबीसी लर्निंग इंग्लिश, दोन्ही फुकट. जुन्या गोष्टींचा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर, त्याच गोष्टी ऐकायला लिब्रिव्हॉक्सवर. उच्चारासाठी केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी, स्पीकरच्या चिन्हावर दाबलं की ऐकवते. कर्नाटकासाठी केओईआर नावाचा शिक्षकांचा विकी आहे. तिकडच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या, बालभारतीच्या पीडीएफही उतरवा, मराठी माध्यमाच्या मुलांसाठीच केलेली 'माय इंग्लिश कोर्सबुक' आहेत, सिलॅबस वेगळा पण गटात करायच्या ॲक्टिव्हिटी उचलता येतात.

सगळं घरी उतरवून पेनड्राईव्हवर आणा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही, आणि स्मार्ट टीव्ही असला तरी लाईट असेलच असं नाही. छोटा ब्लूटूथ स्पीकर चार्ज करून बॅगेत ठेवा. आणि जुलैत खानापूर तालुक्यात पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की स्पीकर काय, तुमचा आवाजसुद्धा मागच्या बाकावर जात नाही. त्या दिवसांसाठी मूक कामं वेगळी काढून ठेवा: उतारे, जोडीनं लिहायचं, वाक्यांच्या पट्ट्या क्रमानं लावायच्या. ऐकायचं-बोलायचं काम पाऊस ओसरल्यावर.

गाईडबद्दल

पोरांकडं गाईड असणारच, बंदी घालून उपयोग नाही. तेच वापरा. गाईडमधलं उत्तर फळ्यावर लिहा आणि ते अर्ध्या शब्दांत करायला सांगा. नाहीतर त्यातली एक चूक शोधायला सांगा, सापडतेच.

मदत कुठं मिळते

बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिकोडी, तुमची शाळा कुठल्यात येते ते बघून डाएट (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था) आणि बीआरसी (तालुक्याचं शिक्षक साधन केंद्र) यांच्याशी ओळख करून घ्या. बेंगळुरूला रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश आहे, १९६३ पासूनची, तिथं शिक्षकांची ट्रेनिंग होतात, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसमधनं डेप्युटेशन निघालं की नाव द्या, घर लांब पडतंय म्हणून टाळू नका. जवळच्या दोन-तीन शाळांतल्या इंग्रजीवाल्यांशी उतारे अदलाबदल करायचं ठरवा, प्रत्येकानं महिन्याला दोन लिहिले तरी वर्षात फाईल भरते.

आणि एक कोरडं पण महत्त्वाचं: कार्डं, प्रोफाइल, पट्ट्या, जे काही पोरं करतात त्यावर नाव, तारीख आणि कुठल्या एफएसाठी (फॉर्मेटिव्ह असेसमेंट, वर्षभरातलं अंतर्गत मूल्यमापन) ते लिहून प्रत्येकाच्या नावाच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये टाका. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, खालच्या कप्प्यात पावसाळ्यात ओल येते. इंटर्नलचे मार्क भरताना आणि तपासणीला कुणी आलं तर तेच पुढं करायचं, ऐन फेब्रुवारीत ॲक्टिव्हिटी पुन्हा करून घ्यायची वेळ येत नाही.